दोन नद्यांमधला मुक्काम

प्रवासी माणसांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. आपणांस कोठे जावयाचे आहे हे ज्यांस पक्के ठाऊक असते त्यांचा एक. आणि आपल्या खिशात किती आहे हे ज्यांस पक्के ठाऊक असते त्यांचा दुसरा. आम्ही या दुसऱ्या वर्गातले. त्यामुळे आजवर आम्ही जी गावे पाहिली, त्यांतली निम्मीअधिक आम्ही निवडलेली नसून आमच्या तिकिटाने निवडलेली आहेत. आणि तिकिटाची निवड पुष्कळदा आमच्या निवडीहून बरी ठरली आहे. ब्लूमफाँटेन हे गाव त्यांतलेच.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही जोहान्सबर्गला भाच्याकडे गेलो होतो. तेथून केपटाऊन गाठावयाचे होते. अंतर सुमारे १४०० किलोमीटर. विमानाचे भाडे ऐकून आम्ही विषय बदलला. बस स्वस्त, परंतु एवढे अंतर एका बैठकीत तोडावयाचे म्हणजे दिवसरात्र एकाच खुर्चीत अवघडून बसणे आले, आणि आमच्या कंबरेने अशा साहसांतून निवृत्ती पत्करल्याला बरीच वर्षे झाली आहेत. तेव्हा वाटेत कोठेतरी पाठ टेकावी या हेतूने नकाशावर बोट फिरविले, ते चारशे किलोमीटरांवरील ब्लूमफाँटेनवर थांबले. भाचा हसला. "मामा, ब्लूमफाँटेनला कुणी उतरत नाही. लोक तिथे पेट्रोल भरतात आणि पुढे जातात." हे तो थट्टेने बोलला. त्याच्या बोलण्याचा खरा अर्थ आम्हांस दोन दिवसांनी कळला; तो त्याचा त्यालाही ठाऊक नव्हता.

सकाळी अकराची बस दीड वाजता सुटली. त्याबद्दल कोणी क्षमा मागितली नाही आणि कोणी रागावलेही नाही, त्यामुळे आम्हांस घटकाभर स्वदेशीच असल्यासारखे वाटले. शहर मागे पडताच दोहों बाजूंस सपाट, पिवळी, अफाट जमीन सुरू झाली: उभा वाळलेला मका, मध्येच एखादी वाऱ्यावर फिरणारी पाण्याची चक्की, दूरवर धान्याची उंच कोठारे, आणि या सर्वांवर आपल्याकडे दिवाळीनंतर दिसते तसले निरभ्र आकाश. मे महिना हा तिकडे थंडीचा आरंभ. काचेतून येणारे ऊन इतके गोड होते की व्हाल नदी केव्हा ओलांडली हे आम्हांस कळलेच नाही. आम्ही झोपलो होतो. ही झोप वाचकांनी ध्यानात ठेवावी.

उतरलो तेव्हा रात्र पडली होती. शनिवार. दुकाने दुपारीच मिटलेली, रस्ते रुंद आणि ओस, दिव्यांखाली एक मांजर. चारशे रँड भाड्याची खोली आम्ही आधीच ठरवून ठेविली होती. घरमालकीण सत्तरीची आफ्रिकानेर विधवा, उंच, हाडापेराने मजबूत. आम्ही तिला 'मॅडम' म्हणताच तिने हात झटकला आणि 'टान्नी' म्हणा असे बजावले. टान्नी म्हणजे मावशी किंवा आत्या. त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला परक्यानेही तसेच म्हणावयाचे असते. ही चाल आमच्या फार ओळखीची निघाली. टान्नींनी एक लांबट वही पुढे केली, तीत आम्ही नाव लिहिले, देश लिहिला, सही केली. त्यांनी ते वाचले सुद्धा नाही. कॉफी आणि तीत बुडवून खावयाचा जाड, कडक टोस्ट आणून ठेवला, गरम पाण्याची रबरी पिशवी हातात दिली, आणि अंधार पडल्यावर पायी बाहेर न पडण्याची ताकीद देऊन त्या गेल्या. आम्ही लोकरी पांघरुणात शिरलो तो सकाळी सातालाच जागे झालो. इतकी गाढ झोप परक्या बिछान्यात आम्हांस क्वचितच लागते.

रविवारी सकाळी गाव पाहण्यास निघालो. गाव म्हणावे की शहर, याचा निर्णय आम्हांस शेवटपर्यंत करता आला नाही. दक्षिण आफ्रिकेला राजधान्या तीन: कारभार प्रिटोरियास, कायदेमंडळ केपटाऊनास, आणि न्याय ब्लूमफाँटेनास. या तिसऱ्या राजधानीत त्या सकाळी देवळांच्या घंटांखेरीज आवाज नव्हता. १८४६ साली एका इंग्रज मेजराने येथे झऱ्याकाठी ठाणे घातले, आणि १८५४ मध्ये ब्रिटिशांनी या मुलुखावरचा हक्क सोडल्यावर बोअर लोकांच्या ऑरेंज फ्री स्टेट या प्रजासत्ताकाची ही राजधानी झाली. नावाचा अर्थ फुलांचा झरा. गुलाबांचे शहर असाही लौकिक आहे. परंतु गुलाबांस आमच्या तिकिटाची तारीख कोणी कळविली नव्हती, त्यामुळे आम्ही काटे पाहिले. अद्भुत कादंबऱ्यांचे लेखक टॉल्किन यांचा जन्म १८९२ मध्ये या गावी झाला. तीन वर्षांचे असता त्यांस आईबरोबर विलायतेस नेले, आणि बँकेत नोकरीस असलेले त्यांचे वडील मागे येथेच वारले व येथेच पुरले गेले. आमच्या घरातील तरुण मंडळींस हे कळविल्यावर ब्लूमफाँटेनची किंमत एकदम वाढली.

आम्हांस स्वतःला अधिक आवडली ती १८४९ सालची एकखणी, गवताने शाकारलेली, पांढरी बुटकी इमारत. शाळा, प्रार्थनामंदिर आणि पुढे लोकसभागृह अशी तिन्ही कामे तिने केली, आणि तिची जमीन शेणाने सारवलेली असे. ज्या राज्याचा पहिला दरबार सारवलेल्या जमिनीवर भरला, त्या राज्याविषयी आमच्या मनात आपोआपच एक आपलेपणा उत्पन्न झाला. तो दुपारपर्यंत टिकला. तिच्याच पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर एकाहून एक देखण्या दगडी इमारती आहेत, आणि त्यांत १९२९ साली बांधलेले अपील न्यायालय आहे. बंद दारासमोर उभे राहून आम्ही तिच्या दगडाची, प्रमाणबद्धतेची मनापासून तारीफ केली.

न्याहारीच्या वेळी टान्नींनी सांगितले होते, दुसरे काही पाहा न पाहा, बायकांचे स्मारक पाहिल्यावाचून जाऊ नका. "माझ्या आजीची आई तिथल्या छावणीत होती. दोन मुलं घेऊन आत गेली, एकटी बाहेर आली." हे सांगताना त्या टोस्टला लोणी लावीत होत्या आणि लोणी लावणे त्यांनी थांबविले नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे दुःख घरात असे वापरातल्या भांड्यासारखे झालेले असते.

स्मारक गावाच्या दक्षिणेस, माळावर आहे. सुमारे ३५ मीटर उंचीचा दगडी सुळका, आणि पायथ्याशी ब्राँझमध्ये घडविलेल्या दोन स्त्रिया; एकीच्या मांडीवर मेलेले मूल. १८९९ ते १९०२ च्या युद्धात इंग्रज सेनापतींनी बोअर शेतकऱ्यांची घरे आणि पिके जाळली आणि त्यांच्या बायकामुलांना तंबूंच्या छावण्यांत कोंडले. गोवर, विषमज्वर आणि अपुरे अन्न यांनी त्या छावण्यांत सुमारे २६ हजार जीव गेले. त्यांत बहुतेक मुले. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तेथे निदान १४ हजार मेल्याच्या नोंदी सापडतात, आणि खरा आकडा त्याहून मोठा असावा असे इतिहासकार मानतात. परंतु हा सुळका उभारताना ती मेलेली माणसे कोणाच्या मनात नव्हती. स्मारकाचे अनावरण १६ डिसेंबर १९१३ रोजी झाले. त्या सालावर आमचे डोळे अडखळले. त्याच वर्षी, याच गावात, काळ्या स्त्रियांनी जवळ पास बाळगण्याचे नाकारले, पास फाडले आणि त्या तुरुंगात गेल्या. आणि अनावरणाच्या दिवशी शेजारच्या नाताळात कस्तुरबा गांधी पीटरमॅरिट्झबर्गच्या तुरुंगात सक्तमजुरी भोगीत होत्या. हिंदू, मुसलमान, पारशी विवाह कायद्याने विवाहच नव्हेत, अशा न्यायालयीन निर्णयाविरुद्धचा तो लढा होता. एका वर्षात, एका देशात, तीन प्रकारच्या स्त्रिया, सुळका एकीचा.

पायथ्याशी एमिली हॉबहाउस यांच्या अस्थी आहेत. ही इंग्रज बाई १९०१ च्या जानेवारीत ब्लूमफाँटेनच्या छावणीत आली, तिने डोळ्यांनी पाहिले ते विलायतेत जाऊन सांगितले, आणि स्वतःच्या देशबांधवांच्या शिव्या खाल्ल्या. १९२६ मध्ये ती वारली व तिची राख येथे आणून पुरली. तिचा आपल्याशीही एक धागा आहे. १९१४ च्या आरंभी गांधीजींनी तिला मध्यस्थी करण्याविषयी लिहिले, आणि प्रकृती खालावलेली असताही तिने जनरल स्मट्स यांजपाशी हिंदी लोकांची बाजू मांडली. त्या वर्षी समेट झाला. आम्ही टोपी काढून तेथे उभे राहिलो. हिंदी लोकांच्या मैत्रिणीला या भूमीने किती मानाने ठेविले आहे, असा काहीसा भाबडा विचार मनात आला. आम्ही तो टिपणवहीत लिहूनही ठेविला. दोन तासांनी आम्हांस तो खोडावा लागला.

परत येताना थंडी बोचू लागली. बसमध्ये पांघरण्यास काही घ्यावे म्हणून, मोटारतळाजवळ रविवारी उघडे असलेले एक दुकान सापडले, त्यात शिरलो. ब्लँकेटे, पातेली, विजेच्या तारा, शाळेचे बूट असा सर्व संसार छतापर्यंत रचलेला. गल्ल्यावर पासष्टीचे एक गृहस्थ, पांढरी विणलेली टोपी, पांढरी दाढी. कोठले, असे त्यांनी विचारले. पुण्याचे म्हणताच उठूनच उभे राहिले. त्यांचे आजोबा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावाहून बोटीने केपटाऊनला आलेले. केपटाऊनात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे हे आम्ही वाचले होते. तीतले माणूस ब्लूमफाँटेनात भेटेल ही कल्पना नव्हती. मराठी त्यांस येत नव्हते. पण कालवण येत होते, घावन येत होते, पेज येत होती. पोटातून आलेली भाषा तीन पिढ्या तग धरते. बाकीचे बोलणे इंग्रजीत झाले. आम्ही त्यांस चाचा म्हणू लागलो, ते आम्हांस भाऊ म्हणू लागले, आणि आतून चहा आला.

"इथे कधी आलात, चाचा?"

"ब्याण्णव साली. त्याआधी येणार कसा?"

हा प्रश्न त्यांनी अशा सहजपणे विचारला की उत्तर आपणांस ठाऊक असावयास हवे, हे आम्हांस समजले. आणि ठाऊक नाही, हे कबूल करण्याची लाज वाटली. खरे म्हणजे ठाऊक होते. गांधीजींचा दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास आम्ही विद्यार्थिदशेत वाचला होता, आणि ऑरेंज फ्री स्टेटची हकीकत त्यात आहे. परंतु पुस्तकातले फ्री स्टेट आणि ज्या बिछान्यात आपण काल रात्री घोरत पडलो ते फ्री स्टेट, या दोहोंची गाठ आमच्या डोक्यात पडलीच नव्हती. १८९१ साली या सारवलेल्या जमिनीच्या प्रजासत्ताकाने कायदा अमलात आणला की कोणाही आशियाई माणसाने येथे व्यापार करू नये, शेती करू नये, जमीन घेऊ नये, वस्ती करू नये. जे हिंदी व्यापारी होते त्यांची दुकाने बंद करून त्यांस नाममात्र भरपाईवर घालवून दिले. हॉटेलात वाढप्याचे किंवा तसलेच हलके काम करावयाचे असेल तरच मुभा. प्रजासत्ताक गेले, इंग्रज आले, संयुक्त राज्य झाले, हॉबहाउसबाईंच्या खटपटीने झालेल्या १९१४ च्या समेटानंतरही हे दार बंदच राहिले, वर्णभेदाचे सरकार आले. आणि हा कायदा कोठे १९८६ मध्ये रद्द झाला. पंचाण्णव वर्षे.

चाचांनी कायद्याचे कलम सांगितले नाही. त्यांनी त्यांच्या वडिलांची मोटार सांगितली.

दर डिसेंबरात त्यांचे कुटुंब केपटाऊनहून जोहान्सबर्गला मामाकडे जाई. रस्ता हाच, ज्याने आम्ही आलो. ऑरेंज नदीच्या अलीकडे कोल्सबर्ग हे शेवटचे गाव. तेथपर्यंत केप प्रांत, तेथवर विसावा चाले. तेथे वडील मोटारीचे तेल, पाणी, चाके तपासीत. आई चपात्या, उकडलेली अंडी आणि पाण्याच्या बाटल्या हाताशी घेई. मग नदीचा पूल. त्यापुढे व्हाल नदीपर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटर फ्री स्टेट. त्यात पेट्रोल भरावे, परंतु मुक्काम करू नये. पूल आला की वडील आरशात बघून मागच्या मुलांना म्हणत, "आता दुसरी नदी येईपर्यंत झोपणं नाही."

"ते स्वतःला बजावत होते," चाचा म्हणाले, "गाडी थांबवून डुलकी घ्यायची नाही म्हणून. पण आम्ही लहान. आम्हाला वाटे, दोन नद्यांच्या मध्ये ज्याचा डोळा लागेल त्याला पोलीस उचलून नेतात. माझी धाकटी बहीण चार वर्षांची होती. तिची पापणी मिटू लागली की आम्ही दोघे भाऊ तिला चिमटे काढायचो. ती रडायची. आईला कळेना, ही पोरं बहिणीला का छळतात."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत, पण आमच्या हसण्याचा त्यांस रागही आला नाही.

"मग ब्याण्णवला आलो, दुकान घेतलं, वर खोली घेतली. पहिल्या रात्री झोप येईना. पन्नास वेळा कूस बदलली. बायको म्हणाली, जागा नवीन आहे. मी म्हटलं, हो."

पुढे बोलण्यात इस्माईल महोमेद यांचे नाव निघाले. प्रिटोरियात १९३१ मध्ये एका हिंदी व्यापारी कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ नामांकित बॅरिस्टर झाले. सकाळी ज्या दगडी इमारतीची आम्ही तारीफ केली होती, त्या अपील न्यायालयात ते कामे चालवीत. देशातले सर्वोच्च न्यायाधीश दिवसभर त्यांचा युक्तिवाद ऐकून घेत. परंतु संध्याकाळ झाली की त्यांस प्रांताबाहेर जावे लागे, कारण हिंदी माणसास फ्री स्टेटमध्ये रात्र काढण्याची मुभा नव्हती. प्रांताबाहेरचे जवळात जवळचे मोठे शहर किंबर्ली. ते दीडशे किलोमीटरांहून दूर. सकाळी पुन्हा हजर. न्यायमूर्तींनी त्यांस कधी विचारले असेल काय, की काल रात्री आपण कोठे झोपला होता? १९९१ मध्ये ते स्वतः न्यायाधीश झाले, पुढे मंडेलांच्या कारकीर्दीत देशाचे सरन्यायाधीश झाले आणि त्याच इमारतीत अग्रस्थानी बसले. २००० साली वारले. चाचांनी ही हकीकत सांगताना गल्ल्यावरची बोटे उघडझाप केली आणि एकदम विचारले, "भाऊ, तुमच्या देशात असं काही नसेल, नाही?"

"कायद्याने नाही," आम्ही म्हणालो, आणि ब्लँकेटाची किंमत विचारली.

संध्याकाळी टान्नींनी ओळखीचा एक टॅक्सीवाला बोलावून दिला. सोथो गृहस्थ, आमच्याच वयाचे. त्यांस 'न्ताते', म्हणजे बाबा, असे संबोधावयाचे असते हे आम्ही एव्हाना शिकलो होतो. त्यांनी नेव्हल हिलवर नेले. भर शहरात ही सपाट माथ्याची टेकडी, आणि तिच्यावर मोकळे जिराफ. युद्धात इंग्रजांनी आरमारी तोफा येथे चढविल्या, त्यावरून नाव. २०१२ साली वर मंडेलांचा मोठा पुतळा बसविला आहे, मूठ उंचावलेला. त्याच्या पायाशी उभे राहून न्ताते यांनी खाली वायहूकची जागा दाखविली. या काळ्या वस्तीतल्या एका लहान प्रार्थनामंदिरात ८ जानेवारी १९१२ रोजी ती काँग्रेस स्थापन झाली, जिने पुढे मंडेला दिले. वस्ती नंतर पाडून टाकली, वीजघर बांधले. "शहराचं आमचं नाव मांगाउंग," ते म्हणाले, "चित्त्यांची जागा. चित्ते गेले. आम्ही आहोत." त्यांस चाचांचे दुकान माहीत होते. फ्री स्टेटमध्ये हिंदी माणसांस पूर्वी बंदी होती हेही ठाऊक होते. "तुम्हाला रात्री राहायची बंदी," ते शांतपणे म्हणाले, "आम्हाला पास दाखवायचा. रात्री आणि दिवसा." यावर आम्हांस काही बोलता आले नाही. एक जिराफ रस्ता ओलांडीपर्यंत मोटार थांबली, मग आम्ही खाली उतरलो.

त्या रात्री तोच बिछाना, तीच गरम पाण्याची पिशवी, तीच दुलई. परंतु झोप येईना. चाचांच्या पहिल्या रात्रीची आठवण होऊन आम्ही मनाशी म्हणालो की ही सहानुभूतीची जागरणे आहेत. ते खरे नव्हते. आम्हांस जागे ठेवीत होता तो चाचांचा प्रश्न नसून आमचे उत्तर होते.

बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली विलायतेहून शिकून बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांस राहण्यास जागा मिळेना. एका पारशी उतारगृहात नाव बदलून ते राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस तेथून घालविले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेविली आहे व आमच्या वाचकांतील पुष्कळांस ती ठाऊक असेल. आम्ही ती व्याख्यानांत सांगितलीही आहे. परंतु त्या रात्री आठवले ते बडोदे नव्हे.

१९९४ सालचा जून. आमच्या पुण्याच्या घराची माडीवरची खोली रिकामी होती, व तशी पाटी फाटकावर लावली होती. दुपारी एक मुलगा आला. नांदेडकडचा, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला. हातात कातडी पट्ट्यांची बॅग, बोलणे मर्यादशील. आमच्या आईने माजघरातून आम्हांस खूण केली. खुणेचा अर्थ आम्हांस पाठ होता. आम्ही आडनाव विचारले. त्याने सांगितले. आम्ही म्हणालो, "खोली कालच गेली." एवढे वाक्य बोलावयास आम्हांस काही कष्ट पडले नाहीत, हेच आज अधिक आठवते. बैठकीतल्या टेबलावर मागच्या महिन्यातले कात्रण काचेखाली ठेविले होते: मंडेला शपथ घेत आहेत. आम्हीच कौतुकाने कापून ठेविलेले. मुलाची नजर त्यावर गेली असेल किंवा नसेल. तो चपला घालता घालता म्हणाला, "पाटी काढायची राहिली वाटतं, काका," आणि फाटक हलकेच लावून गेला.

खोली पुढे तीन महिने रिकामी होती. पाटीही.

आईवर ढकलण्याचा मोह होतो. ती आता नाही, आणि खुणा तिच्याच होत्या. पण वाक्य आमचे होते. येथे फ्री स्टेटच्या कायद्याला निदान एक साल होते, एक कलम होते, तो रद्द करण्याचा एक दिवस होता. आमच्या फाटकावरची पाटी कोणत्या साली रद्द झाली, हे आम्हांस त्या रात्री कितीही आठवून सांगता येईना. त्या मुलाचे वय आता पन्नाशीकडे झुकले असेल. त्या रात्री तो कोठे झोपला, हे आम्ही त्यास विचारले नव्हते.

पहाटे साडेपाचला टान्नींनी दार ठोठावले. बाहेर गवतावर दहिवर गोठून पांढरे झाले होते. कॉफीबरोबर त्यांनी कागदात गुंडाळलेली पाकातली वेणीदार तळणी वाटेसाठी दिली. बालुशाहीची चुलत बहीण शोभेल असा तो पदार्थ. निरोप घेताना आम्ही त्यांस विचारले, "टान्नी, या घरात पहिला हिंदी माणूस कधी उतरला?" त्यांनी वही उघडली, मागे मागे पाने उलटली, आणि थांबल्या. ही वही २०११ सालापासूनची, आधीच्या वह्या नवऱ्याने टाकून दिल्या असे म्हणाल्या. मग क्षणभराने म्हणाल्या, "माझ्या लहानपणी मी इथे हिंदी माणूस पाहिलाच नाही. मला वाटायचं, तुम्हा लोकांना इथली थंडी आवडत नसेल." त्या हे खरोखरच तसे समजत होत्या. आमच्या गळ्याभोवती मफलर नीट करून त्यांनी दार उघडले.

बस या वेळी वेळेवर सुटली. केपटाऊन अजून १००० किलोमीटर. दोन-अडीच तासांनी जमीन तांबूस आणि उघडी होत गेली, टेकड्या दिसू लागल्या. आम्ही नवे ब्लँकेट गुडघ्यांवर घेऊन खिडकीशी ताठ बसलो होतो. ऑरेंज नदी या खेपेस चुकवावयाची नाही असा निश्चय होता. शेजारच्या बाकावर एक सोथो बाई होती, आणि तिच्या मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी डोके टाकून, तोंड उघडे ठेवून झोपली होती. पूल आला. पाणी कमी होते, पात्र रुंद, काठाला झुडपे. बसची चाके पुलाच्या सांध्यावर आपटून मोठा आवाज झाला तेव्हा आमचा हात नकळत पुढे गेला. परंतु मुलगी हलली नाही. आईने तिच्यावरची शाल जराशी वर ओढली. कोल्सबर्ग येईपर्यंत ती झोपलेलीच होती.